रेझोनेटर उकुलेले घ्यायचंय? आधी आवाज कुणापर्यंत पोचवायचाय ते ठरवा

लोकलमध्ये ऐकत असाल तर आधी बॅग पुढे घ्या, इअरफोन नीट लावा. आजचा भाग थोडा मोठा आहे.

नवीन श्रोत्यांसाठी सांगतो. मी भाईंदर पूर्वेला राहतो, दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी उकुलेले वाजवतो. गेले काही महिने माझ्याकडे एकच प्रश्न सारखा येतोय. 'तुझ्या उकुलेलेच्या मधोमध ते चकचकीत झाकण कसलं आहे? मी पण तसलं घेऊ का?' त्या झाकणवाल्या वाद्याला रेझोनेटर उकुलेले म्हणतात. आज त्याच्याबद्दलच बोलू. ते काय असतं, कशासाठी तयार झालं, हातात घेतल्यावर काय तपासायचं, पैसे कुठे कुठे जातात, आणि कुणी ते अजिबात घेऊ नये.

शेवटचा मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण अर्धे लोक मध्येच पॉडकास्ट बंद करतात. फक्त दिसायला भारी आहे म्हणून घेत असाल, तर घेऊ नका. या वाद्याने एक ठरावीक अडचण सुटते. ती अडचण तुम्हाला असेल तरच पैसे घाला.

आवाज मोठा होतो म्हणजे काय होतं?

मोबाईलचा आवाज कमी पडला की आपण काय करतो? फोन स्टीलच्या पेल्यात ठेवतो. आवाज लगेच भरल्यासारखा वाटतो. पेल्याने वीज खाल्ली नाही, नवीन ताकद आणली नाही. होता तो आवाज वेगळ्या पद्धतीने बाहेर काढला.

तारेच्या वाद्यात हाच प्रश्न असतो. नुसती तार हवेला फारशी ढकलू शकत नाही, ती खूप बारीक असते. म्हणून तिचं कंपन एखाद्या मोठ्या, हलक्या पृष्ठभागाकडे द्यावं लागतं. मिरजेचा तंबोरा आठवा. खाली केवढा मोठा भोपळा असतो! मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हा बातम्यांत ते भोपळे सगळ्यांनी पाहिले असतील. तार, तिच्याखाली घोडी, घोडीखाली लाकडी तबली आणि मागे पोकळ भोपळा. साध्या उकुलेलेतही तेच आहे. फक्त भोपळ्याच्या जागी लाकडी पेटी आणि वर पातळ फळी.

रेझोनेटरमध्ये फळीचं काम ॲल्युमिनियमचा एक पातळ कोन करतो. लाउडस्पीकरच्या आतला कागदी पडदा पाहिला असेल ना, तसाच आकार, पण धातूचा. तारा घोडीवरून जातात, घोडी कोनावर टेकलेली असते आणि कोन हवेला जोरात ढकलतो. वरचं नक्षीदार झाकण, म्हणजे कव्हरप्लेट, हे फक्त कोनाचं संरक्षण करतं. आवाज त्याच्या भोकांतून बाहेर येतो. वीज नाही, बॅटरी नाही, वायर नाही.

आता इंजिनीअरसारखा विचार करू. बोटाने तारेला जी ऊर्जा दिली ती तेवढीच आहे. कोन ती भराभर खर्च करतो. म्हणून सूर उठतो जोरात आणि विझतोही लवकर. त्यात थोडी बेंजोसारखी खणखण येते. साध्या लाकडी उकुलेलेचा सूर हळू असतो, पण गोड आणि थोडा जास्त वेळ रेंगाळणारा. ही देवघेव डोक्यात ठेवा.

शंभर वर्षांपूर्वीची अडचण

उकुलेले हवाईचं, पण त्याचं मूळ पोर्तुगीज. १८७९ मध्ये 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदेरा बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूला गेलं. त्यात लाकूडकाम येणारे कारागीर होते. त्यांच्याकडच्या छोट्या चारतारी वाद्यावरून उकुलेले तयार झालं. आपल्या खाडीपलीकडच्या वसईत १५३४ ते १७३९ एवढा काळ पोर्तुगीज होते, पण हे वाद्य काही तिथून आलेलं नाही. ते पार प्रशांत महासागर फिरून आपल्यापर्यंत पोचलं.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हवाईचं संगीत लोकांनी ऐकलं आणि अमेरिकेला त्याचं वेडच लागलं. पण अडचण अशी झाली, की नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. त्यांच्यापुढे गिटार आणि उकुलेले ऐकूच येईना. विजेवर चालणारी गिटार अजून यायची होती.

जॉर्ज बोशाँ हा हवाईयन गिटार वाजवणारा कलाकार. त्याला मोठा आवाज हवा होता. जॉन डोपिएरा हा मूळचा स्लोव्हाक, वाद्यं बनवणारा कारागीर. दोघांच्या प्रयत्नातून लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल कंपनी उभी राहिली आणि १९२७ मध्ये तीन कोन बसवलेली धातूची गिटार बाजारात आली. पुढच्या काही वर्षांत त्याच पद्धतीची उकुलेलेही आली. डोपिएरा नंतर बाहेर पडला आणि भावांबरोबर त्याने 'डोब्रो' काढलं. डोपिएरा ब्रदर्स या नावाचं ते छोटं रूप, आणि स्लोव्हाक भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'चांगलं' असाही होतो.

आता गंमत बघा. हाच बोशाँ पुढे ॲडॉल्फ रिकनबॅकरबरोबर विजेच्या गिटारवर काम करायला लागला. १९३२ मध्ये त्यांची 'फ्राइंग पॅन' नावाने ओळखली जाणारी गिटार विकायला आली. म्हणजे आवाज मोठा करण्याची अडचण पाच वर्षांत दुसऱ्याच मार्गाने सुटली, आणि त्यात माणूसही तोच! तरी रेझोनेटर टिकला. का? त्याच्या सुराची जात वेगळी आहे म्हणून, आणि जिथे वायर नको तिथे अजूनही तोच उपयोगी पडतो म्हणून.

म्हणून खरेदीआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. मला विजेशिवाय मोठा आवाज हवाय का? आणि मला तो खणखणीत सूर आवडतो का? दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तरच पुढे जा.

मला का हवं होतं?

आमच्या सोसायटीत दर एकादशीला भजन असतं. खालच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं. पेटी, पखवाज आणि टाळ. माइक नाही. जुन्या मंडळींना माइक लावलेला आवडत नाही, आणि हॉलच्या वरच लहान बाळ असलेलं घर आहे. मी माझं साधं उकुलेले घेऊन बसायचो. टाळ सुरू झाले की माझा मला आवाज यायचा नाही, बाकीच्यांचं सोडूनच द्या.

त्या मंडळात माझे बाबा पखवाज वाजवतात. बाबांनी आयुष्यभर भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत काम केलं. आधी पॉलिशवर, नंतर स्पिनिंगच्या लेथवर. त्या गाळ्यांच्या गल्लीतून गेला असाल तर तो आवाज तुम्हाला माहीत असेल. बाबा त्यात रोज दहा तास असायचे, कानात काही न घालता. आता त्यांना कमी ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. गोंगाटाने जे कान जातात त्यात पहिला खड्डा साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. बोलण्यातले स, श, फ असे आवाज वरच्या भागातले, म्हणून समोरचा बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही.

बाबांना कानाचं मशीन आहे. बोलताना ते लावतात. भजनाला काढून ठेवतात, कारण टाळांचा आवाज मशीनमधून डोक्यात जातो. मग मी शेजारी बसून वाजवतोय हे त्यांना फक्त दिसायचं. एकदा ते सहज म्हणाले, 'तू वाजवतोस ते चांगलंच असेल रे, पण मला तुझा हात हलताना दिसतो फक्त.'

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. उकुलेलेच्या सुट्या तारा जी, सी, ई, ए. म्हणजे अंदाजे ३९२, २६२, ३३० आणि ४४० हर्ट्झ. बाराव्या पट्टीवरची ए तार ८८० हर्ट्झ. हे मूळ सूर बाबांच्या कानाच्या खड्ड्याच्या बरेच खाली आहेत. म्हणजे त्यांना ते ऐकू येऊ शकतात, फक्त पुरेशा जोरात यायला हवेत. माझी अडचण अगदी शंभर वर्षांपूर्वीच्या बँडवाल्यांसारखी होती. गोंगाट, वायर नाही, आणि आवाज पोचवायचाय एका माणसापर्यंत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वाद्य हा कानाचा इलाज नाही. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर आधी कान तपासून घ्या. आणि गोंगाटाच्या जागी काम करणारं कुणी असेल तर त्यांना इअरप्लग आणून द्या. त्याला उकुलेलेच्या तारांच्या एका सेटएवढेसुद्धा पैसे लागत नाहीत.

प्रकार किती?

आता खरेदीकडे येऊ. कोन बसवण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिली, बिस्किट. कोनाचं टोक वर, तारांकडे. त्या टोकावर लाकडाची छोटी गोल चकती, अगदी मारी बिस्किटासारखी, आणि तिच्या खाचेत घोडीची पट्टी. सूर जोरदार, थेट, लवकर विझणारा. बहुतेक रेझोनेटर उकुलेलेत हीच रचना मिळते.

दुसरी, स्पायडर. यात कोन वाटीसारखा उलटा असतो आणि त्यावर आठ पायांचा धातूचा कोळी बसतो. कोळ्याचे पाय कंपन कोनाच्या कडेला नेतात. ही डोब्रोची पद्धत, गिटारमध्ये जास्त दिसते.

तिसरी, ट्रायकोन. तीन छोटे कोन आणि त्यांना जोडणारी 'टी' आकाराची पट्टी. सूर जास्त रेंगाळतो, पण वाद्य महाग आणि वजनदार. उकुलेलेत शोधत बसू नका.

साइझचं काय? गिटारमधला एक कोन साधारण साडेनऊ इंचांचा असतो. उकुलेलेत तेवढी जागा कुठून आणणार? म्हणून कोन लहान होतो. सोप्रानोत तो फारच लहान होतो. कॉन्सर्ट किंवा टेनर साइझ बघा. पट्ट्यांमध्ये बोटांनाही जागा मिळते.

बॉडी कशाची? लाकूड, स्टील किंवा पितळ. पितळेवर बहुतेक वेळा निकेलचा मुलामा असतो. न्यूझीलंडची बेल्टोना फायबरग्लासची बॉडी करायची, वजन कमी राहावं म्हणून. धातूची बॉडी जास्त झगझगीत वाजते. लाकडी बॉडीत तोच कोन असला तरी सूर थोडा मऊ होतो.

आपल्या हवेचा विचार करा

हा मुद्दा परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. आपल्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. खिडकीच्या ग्रिलला दोन पावसाळ्यांत गंज धरतो, हे भाईंदरमध्ये कुणाला सांगायला नको.

लाकडी उकुलेलेला दमट हवेचा त्रास होतो, फळी फुगते. धातूची बॉडी फुगत नाही, पण मुलाम्याला बारीक टोचे पडतात आणि खालच्या स्टीलला गंज लागतो. पितळ गंजत नाही, काळवंडतं. ॲल्युमिनियमच्या कोनाला लाल गंज येत नाही, पण झाकणाचे स्क्रू स्टीलचे असतात, ते आधी जातात.

उपाय साधे आहेत. वाजवून झाल्यावर हाताचा घाम सुती फडक्याने पुसा. भिंतीला उघडं टांगू नका, केसमध्ये ठेवा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला. एवढं जमणार नसेल तर स्टील बॉडी घेऊ नका. मी लाकडी बॉडी निवडली, त्यामागे हे एक कारण होतं.

हातात आलं की काय तपासायचं?

ही यादी लिहून ठेवा. नवीन असो की वापरलेलं, मी याच क्रमाने बघतो.

एक, खडखड. प्रत्येक तार, प्रत्येक पट्टीवर, एकेक करून जोरात वाजवा. हो, सगळ्या पट्ट्या. डब्यात खडा असल्यासारखा आवाज आला तर थांबा. झाकणावर बोट हलकं दाबून तोच सूर परत वाजवा. आवाज थांबला तर झाकण सैल आहे, स्क्रू पिळून काम होतं. नाही थांबला तर तारेचं उरलेलं टोक कुठे टेकतंय का ते बघा. तेही नसेल तर कोन नीट बसलेला नाही किंवा चेपलाय. चेपलेला कोन असेल तर सोडून द्या.

दोन, सुराची बरोबरी. मोबाईलवर ट्यूनर लावा. सुटी तार सुरात लावा, मग बाराव्या पट्टीवर दाबून वाजवा. तोच सूर, वरच्या सप्तकात यायला हवा. चांगलाच चढा किंवा उतरा दाखवत असेल तर कोन जागेवरून सरकलेला असू शकतो किंवा मान वाकलेली.

तीन, तारेची उंची. एटीएम कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. बाराव्या पट्टीवर तारेखालून तीन कार्डांची चळत जायला हरकत नाही. चार कार्डं एकत्र सहज सरकली तर तार फार उंच आहे, बोटं दुखतील. साध्या उकुलेलेत घोडी घासून उंची कमी करता येते. रेझोनेटरमध्ये घोडीला झाकणाच्या पट्टीखाली मोजकीच जागा असते, त्यामुळे दुरुस्तीला वाव कमी. मान मुळात बरोबर बसलेली असायला हवी.

चार, पट्ट्यांची टोकं. मानेच्या कडेने बोट फिरवा. खरवडलं तर टोकं नीट घासलेली नाहीत.

पाच, तारा. नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनच असाव्यात. कुणी 'अजून जोरात वाजेल' म्हणून स्टीलच्या तारा लावलेल्या असतील तर ते वाद्य घेऊ नका. नायलॉनसाठी केलेली मान आणि पातळ कोन तेवढा ताण सोसायला बनवलेले नसतात.

सहा, वजन. आणि हे उभं राहून तपासू नका. मी मांडी घालून वाजवतो, म्हणून मी मांडी घालूनच तपासलं. भजनात दोन तास बसावं लागतं. धातूची बॉडी मांडीवरून घसरते. पट्टा लावायची सोय आहे का तेही बघा.

सात, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याला वाजवायला द्या आणि स्वतः दहा-बारा पावलं लांब जाऊन उभे राहा. रेझोनेटरचा आवाज समोर फेकला जातो. वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं आणि समोरच्याला जे ऐकू येतं त्यात खूप फरक असतो. शक्य असेल तर ज्याच्यासाठी घेताय त्यालाच समोर बसवा. मी बाबांना घेऊन गेलो होतो.

पैसे कुठे कुठे जातात?

साधी उकुलेले मुंबईत सहज मिळतात. धोबीतलावला जेर महालमधलं फुर्टाडोज १८६५ पासूनचं दुकान आहे. मरीन लाइन्सला उतरून चालत जाता येतं. साध्या कॉन्सर्ट आणि टेनर साइझचा फरक हातात घेऊन कळावा म्हणून तरी एखाद्या दुकानात तासभर घालवा. रेझोनेटर मात्र दुकानात असेलच असं धरून चर्चगेट लोकल पकडू नका. आधी फोन करा.

रेझोनेटर करणाऱ्यांत काला, रिपब्लिक, नॅशनल रेसो-फोनिक अशी नावं दिसतील. नॅशनल सगळ्यात महाग. बाहेरून मागवायचं असेल तर वेबसाइटवरची किंमत ही फक्त सुरुवात आहे. हिशोब असा होतो. वस्तूची किंमत, अधिक शिपिंग, अधिक विमा. या बेरजेवर सीमाशुल्क. मग ती सगळी बेरीज धरून त्यावर आयजीएसटी. म्हणजे करावर कर.

उदाहरण म्हणून समजा, वाद्य ३०,००० रुपये, शिपिंग आणि विमा मिळून ५,०००. झाले ३५,०००. समजा शुल्क १० टक्के, म्हणजे ३,५००. झाले ३८,५००. समजा आयजीएसटी १८ टक्के, म्हणजे ६,९३०. एकूण ४५,४३०. वर कुरिअर कंपनीचा हाताळणीचा आकार. हे दर मी फक्त गणित कळावं म्हणून धरलेत. खरे दर मागवायच्या दिवशी कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या, आणि पार्सल परत पाठवायची वेळ आली तर खर्च कुणाचा तेही आधी विचारा.

माझं बजेट होतं २५,०००. तेवढ्यात नवीन बसेना. मी ठाण्याच्या एका वादकाने विकायला काढलेलं वापरलेलं वाद्य बघितलं. घोडबंदर रोडने बसने गेलो, यादीप्रमाणे सगळं तपासलं. झाकणाचा एक स्क्रू सैल होता, तो तिथेच पिळला. लाकडी बॉडी, कॉन्सर्ट साइझ, बिस्किट कोन. बाबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला मशीन काढून बसले. त्या वादकाने एक साधा ठेका वाजवला. बाबांनी मांडीवर ताल धरला. मी भाव न करता पैसे दिले.

घरी आणल्यावर तारा बदलताना झाकण उघडलं. बाबांनी कोन उजेडात धरला, बोट न लावता फिरवला आणि म्हणाले, 'हे स्पिनिंगचं काम आहे. या गोल रेषा बघ.' ॲल्युमिनियमची चकती लेथवर साच्यासमोर फिरवायची आणि हत्याराने दाबत दाबत साच्यावर बसवायची. भांड्याची झाकणं करताना त्यांनी हेच केलं होतं. काही स्वस्त कोन प्रेसमध्ये एका ठोक्यात काढलेले असतात. स्पिनिंगने पत्रा पातळ आणि एकसारखा ठेवता येतो, आणि पातळ कोन नायलॉन तारांच्या हलक्या ताणालाही हलतो. हा मुद्दा मला कुठल्याही रिव्ह्यूत इतक्या सोप्या शब्दांत मिळाला नव्हता.

कुणी घेऊ नये?

नवशिक्यांनी घेऊ नये. पहिलं वाद्य साधं घ्या. वर्षभर वाजवा, मग ठरवा.

वन बीएचकेमध्ये रात्री अकराला सराव करणाऱ्यांनी घेऊ नये. भिंती पातळ आहेत आणि शेजारी आपलेच आहेत. मी रात्रीचा सराव अजूनही जुन्या साध्या उकुलेलेवर करतो.

स्टेजवर वाजवणाऱ्यांनी पिकअपवालं उकुलेले आणि छोटा ॲम्प बघावा. कमी पैशांत जास्त आवाज मिळतो.

आणि ज्यांना तो घसरत जाणारा, स्लाइडचा सूर हवाय त्यांनी तर नक्कीच थांबावं. जुन्या हिंदी चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्लेंची गिटार ऐकली असेल. ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर राग वाजवले. विश्वमोहन भट्टांना राय कूडरबरोबरच्या अल्बमसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. तो सूर स्टीलच्या, उंच ताणलेल्या तारांचा आहे. नायलॉनच्या उकुलेलेवर तो येत नाही. त्यासाठी गिटारच घ्या.

घेतल्यावर

तारा बदलताना एका वेळी एकच काढा. कोन आतल्या कडेवर नुसता टेकलेला असतो, तारांच्या दाबाने जागेवर राहतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो. झाकण उघडायचंच असेल तर आधी फोटो काढा, कोन किती मध्यावर आहे ते नोंदवा आणि बंद करताना तसाच बसवा. कोनावर बोट दाबू नका. झाकणाच्या भोकांतून पेन घालून साफसफाई तर अजिबात करू नका.

भजनाला जाणाऱ्यांसाठी एक टीप. आमच्या मंडळाचा सूर काळी एक. मी पहिल्या पट्टीवर कॅपो लावतो आणि पांढरी एकचेच आकार पकडतो. कोमल गंधार असलेल्या चालीला सवयीने मेजर कॉर्ड लावलीत तर पेटीवाले काका लगेच वळून बघतील. नुसता षड्ज-पंचम धरून ठेका द्या, सगळं जमून येतं. आणि बुवा आलाप घेत असतील तेव्हा हात आवरा. या वाद्याचा आवाज आता खरंच ऐकू जातो, त्यामुळे चूकही ऐकू जाते. मागच्या एकादशीला बाबांनी पखवाज वाजवता वाजवता मला मानेने खुणावलं, 'लय धाव घेतेय.' हे ते मला पहिल्यांदाच सांगू शकले.

तर मंडळी, वाद्य बघायला जाल तेव्हा यादी घेऊन जा, ट्यूनर आणि चार कार्डं खिशात ठेवा, आणि ज्याला ऐकवायचंय त्याला बरोबर न्या. पुढच्या भागात उकुलेलेच्या तारांबद्दल बोलू. लो-जी लावावी की नाही यावर बरेच जण भांडून झालेत, आता मीही भांडणार आहे. तोपर्यंत वाजवत राहा, आणि गोंगाटात कान सांभाळा. भेटू!